चौकशी येईपर्यंत जिल्हा सोडू नये

निबारणदा,

काल तुमच्या निर्वासित वसाहतीत तुझी शोकसभा झाली. पंचायत समितीचे एक सन्माननीय सदस्य जीपमधून आले. हारासाठी तुझा फोटो शोधला तर घरात एकच निघाला, अर्जाला लावण्यासाठी काढलेला. त्यात तू असा पाहतोयस की समोर फोटोग्राफर नसून पोलीस उभा असावा. हार फोटोपेक्षा मोठा होता, त्यामुळे सभाभर आम्ही झेंडूलाच श्रद्धांजली वाहिली. सन्माननीय सदस्य बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "असा आदर्श नागरिक पुन्हा होणे नाही."

मला उठून विचारावंसं वाटलं, साहेब, यांना नागरिक कोणी केलं? चौकशी झाली का? अहवाल कोणाच्या टेबलावर आहे? अर्धा उठलोही होतो. तुझ्या बायकोनं, आम्हा सगळ्यांच्या बौदीनं, पदराआडून माझ्याकडे पाहिलं, म्हणून खाली बसलो. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. अध्यक्ष "बसा" म्हणायला विसरले. तुझी वसाहत पुढची पंधरा मिनिटं तशीच उभी होती, निबारणदा. कोणी कुरकुर केली नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी अध्यक्षांचेच पाय दुखले.

मी तुझ्यावर रागावलेलो आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात. पण ज्यांनी हे ठरवलं त्यांना तुझ्यासारखा मित्र नसावा.

आपली ओळख एका रकान्यावरून झाली. हायस्कूलच्या मास्तरचं अक्षर चांगलं आहे असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. तू नागरिकत्वाचा अर्ज घेऊन माझ्या ओसरीवर आलास, बौदी पायरीवर बसली, आणि आपण 'सध्याचे राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी येऊन अडकलो.

"तू आलास तेव्हा कुठला होतास?" मी विचारलं.

"पूर्व पाकिस्तानचा."

"तो आता कुठे आहे?"

"नाई ना तो आता. त्याचा बांगलादेश झाला."

"मग बांगलादेश लिहू?"

"बांगलादेश व्हायच्या कितीतरी आधी मी इथी आलो, मास्टर. तसं लिवलं तं म्हणतीन, हा मांगून घुसला."

"मग पाकिस्तान?"

"पाकिस्तान लिवलं तं पोलीसच येतीन."

पायरीवरून बौदी म्हणाली, "काईच नोका लिवू. इतकी वर्षं काई नसूनच तं राह्यलो."

शेवटी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पूर्व पाकिस्तान, आता अस्तित्वात नाही.' आपण दोघं एस.टी.नं चंद्रपूरच्या कचेरीत गेलो. कारकुनानं ते वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "कोण अस्तित्वात नाही? अर्जदार?" तू घाईघाईनं म्हणालास, "मी आहो साहेब, मी आहो!" कचेरी हसली. मीही हसलो.

तो कारकून भला माणूस होता, हे मी आजही म्हणतो. त्यानं चहा पाजला. फाईल बांधता बांधता, तोंडातलं पान सांभाळत तो म्हणाला, "पोलीस चौकशी येईल. केव्हाही येईल. चौकशी येईपर्यंत जिल्हा सोडू नका." आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मी ते वाक्य ऐकलं ते 'सांभाळून जा' ऐकावं तसं. तू ते ऐकलंस कायदा ऐकावा तसं. परतीच्या एस.टी.त तू ते तीनचारदा पुटपुटलास. मी म्हटलं, "अरे, बोलायची पद्धत असते ती." तेव्हा तू मला रायपूरकडच्या छावणीची गोष्ट सांगितलीस. मोजणी होती त्या दिवशी तू जंगलात लाकडं आणायला गेला होतास. संध्याकाळी आलास तर तुझं नाव कापलेलं. तुझा शिधा बंद, आणि बौदीच्या हातात तुमचा तान्हा गोपाल. तू साहेबासमोर उभा राहून सांगत होतास की मी इथे आहे, आणि साहेब कागद दाखवून सांगत होता की तू नाहीस. ते नाव परत चढायला सबंध पावसाळा गेला.

"तुमी इथचे आहा, मास्टर," तू म्हणालास. "तुमी घरी नसले तरी तुमी असता. मी घरी नसलो तं नसतोच." मग खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "मले काई मोठं नाई पायजे. तीनदा उठवलं आमाले. पुन्हा कोणी ऊठ म्हणलं तं दाखवाले एक कागद पायजे."

 

पहिली काही वर्षं आपण सुखाची वाट पाहिली असं म्हणायला हरकत नाही. चंद्रपूर जिल्हा तेव्हा एवढा अवाढव्य होता की तो सोडायचा म्हटला तरी सहज सुटत नसे. तुझा संसार, तुझी पाच एकर, तुझी वैनगंगा, दोन्ही काठांचे बाजार, सगळं त्यात मावत होतं. तू दर रविवारी नदीत धरलेली मरळ पळसाच्या पानात बांधून घेऊन यायचास आणि मोबदल्यात वर्तमानपत्र वाचून घ्यायचास. मी वाचत असलेल्या कादंबऱ्यांची गोष्टही विचारायचास. स्टाफरूममध्ये मी पुस्तकाबद्दल बोललो की लोक किंमत विचारत, तू विचारायचास, "मंग त्या बाईचं काय झालं?" एकदा मी शेवट सांगितल्यावर तू रागावलास. म्हणालास, "हे लिवणाऱ्यानं बरोबर नाई केलं. इतकं वाट पाह्याले लावलं अन् आखरीले मारून टाकलं." मी तुला शोकांतिका म्हणजे काय ते समजावत होतो, काय हा माझा शहाणपणा.

मी तुला चिडवायचो. म्हणायचो, माझे वडील छप्पन साली चांद्याला गेले आणि एका दिवसात बौद्ध होऊन आले. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं उतरवायला त्यांना शपथ पुरली. कोणी पोलीस पाठवला नाही की शेजाऱ्यांना विचारलं नाही, हा खरंच माणूस आहे का. आणि तुला नुसता देश हवाय! तू म्हणायचास, "तुमच्या बापानं मागतलं नाई, मास्टर. घेतलं. मले मागा लागते." मग मला माझ्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांनी मारलेल्या फेऱ्या आठवायच्या, आणि मी चहा मागवायचो.

मग ब्याऐंशी साली सरकारनं आपल्यावर उपकार केले. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, आपण गडचिरोलीत गेलो. कमानी लागल्या, आमच्या शाळेची पोरं उन्हात उभी करून टाळ्या वाजवायला लावली, आणि प्रशासन जनतेच्या दारी आल्याचं मंचावरून सांगण्यात आलं. खोटं कशाला बोलू, लोक खूश होते आणि मीही होतो. गडचिरोली चंद्रपूरपेक्षा खरंच जवळ होतं. सगळ्या गर्दीत तू एकट्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या थांबल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "मास्टर, आता आपला जिल्हा कुठपर्यंत?"

"नदीपर्यंत," मी म्हटलं.

"नदीत कुठपर्यंत?"

मी शिक्षक. प्रश्न आला की उत्तर देण्याची खोड. म्हटलं, "मध्यापर्यंत धर."

दुसऱ्या दिवसापासून तू अर्ध्या नदीत मासे धरायला लागलास.

आधी मला तो विनोद वाटला. मग घाटावर येऊन पाहिलं. सोमाजी ढिवर, इतक्या वर्षांचा तुझा जोडीदार, डोंगा वल्हवत पलीकडच्या डोहाकडे निघायचा आणि तू मध्यावर त्याला थांबवायचास. सोमाजीनं शिव्या दिल्या, समजावलं, शेवटी स्वतःचा वेगळा डोंगा काढला. पलीकडून ओरडायचा, "का गा दादा, तुह्या जिल्ह्यातले मासे सरले का? हा पाह्य, एक पळून आला. परत पाठवू, का अर्ज करतं?" उन्हाळ्यात धार पलीकडच्या काठाला सरकायची तेव्हा तुझा जिल्हा वाढायचा, आणि तू जमीन मिळाल्यासारखा वाळूवर फिरायचास. पावसाळ्यात तो पुन्हा आखडायचा. चांगली मासोळी डोहात, डोह पलीकडे. तुझं उत्पन्न घटलं, पलीकडच्या गावचा बाजार सुटला, आणि तू मला सांगायचास की आता फार थोडे दिवस राहिलेत.

माझ्या सुमनचं लग्न झालं, सासर नदीपलीकडे. तूच हट्ट धरलास की पोरगी माझ्या डोंग्यातून जाईल. ट्रंक खांद्यावर घेतलीस, तिला बसवलंस, वल्हवत नेलंस, आणि धारेच्या मधोमध डोंगा रोवून सोमाजीला हाक मारलीस. गुडघाभर पाण्यात वऱ्हाड उभं, नवरी एका डोंग्यातून दुसऱ्या डोंग्यात. रडता रडता ती हसायला लागली. म्हणाली, "काका, दोन वल्ह्याचं तं राह्यलं होतं!"

तू म्हणालास, "बाई, तेवढं तुह्या सासरचं."

वऱ्हाडानं ते वाक्य वर्षभर पुरवून खाल्लं. सुमन माहेरी आली की अजून सांगते. परवा तुझी बातमी ऐकून आली तेव्हा मात्र तिनं ते सांगितलं नाही.

पुढे कळलं की तुझी फाईल चंद्रपूरलाच राहिली. गडचिरोलीच्या कचेरीत तुझं नाव नव्हतं. ते म्हणाले चंद्रपूरला विचारा. म्हणजे तुझा अर्ज नदीच्या त्या बाजूला, तू या बाजूला, आणि तो कुठे आहे हे विचारायला जायचं तर जिल्हा सोडावा लागणार. एखाद्या लेखकानं हे लिहिलं असतं तर मी समासात 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला असता. तू हात जोडलेस, म्हणून मीच रजा टाकून गेलो. टेबलावर नवा माणूस होता.

"अर्जदार स्वतः का नाही आला?"

"अर्जदारानं जिल्हा सोडू नये, असं याच टेबलावरून सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

"आपल्या आधीच्यांनी."

"त्यांची बदली झाली."

"वाक्याची नाही झाली," मी म्हटलं.

त्याला ते आवडलं नाही. पण फाईल निघाली, आणि काही महिन्यांनी ती गडचिरोलीला पोचलीसुद्धा. तिथे निकाल लागला तो असा: आधी कधीतरी, तुझ्या नकळत, तुझी चौकशी परस्पर झालीही होती. अहवाल चांगला होता. पण तो जुन्या जिल्ह्याच्या पोलिसांचा असल्यामुळे नव्या जिल्ह्याला चालणार नव्हता. चौकशी पुन्हा होईल. अर्जदार हजर पाहिजे.

मी घरी येऊन संतापानं पाणीही प्यायलो नाही. तू मात्र उजळलास. "पाह्यलं? हजर पायजे म्हणते. मी म्हणत नव्हतो?"

गेल्या उन्हाळ्यात तुझे पाय सुजायला लागले. चार पावलांत धाप लागायची. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, हृदयाचं आहे, इथं होणार नाही, नागपूरला न्या, उशीर करू नका. नागपूरला कुठूनही जा, वैनगंगा ओलांडावीच लागते.

तू म्हणालास, "चौकशी झाली की जाऊ."

मी समजावलं. गोपालनं समजावलं, त्या पोराचा जन्म सरहद्दीच्या अलीकडे झाला म्हणून तो काही न करता जन्मतःच नागरिक, आणि त्याचा बाप खाटेवर बसून वाट पाहतोय. बौदी दोन दिवस जेवली नाही. सोमाजी म्हणाला, "दादा, मी तुले बांधून नेतो. चौकशीवाल्याले सांगू, चोरीले गेला." तू हसलास, आणि खोकत बसलास.

शेवटी मी ठरवलं की तुझ्याच भाषेत बोलावं. गडचिरोलीला कचेरीत गेलो आणि म्हटलं, या माणसाला उपचारासाठी जिल्ह्याबाहेर जायची लेखी परवानगी द्या. कारकून तरुण होता, शिकलेला, नम्र.

"सर, परवानगीची गरजच नाही. असा नियमच नाही."

"मग नियम नाही, असं लिहून द्या."

"नसलेल्या नियमाबद्दल लिहून कसं देणार?"

"तो माणूस त्या नसलेल्या नियमापायी मरतोय हो."

"तुम्ही त्यांना तोंडी सांगा ना, सर."

"तोंडीच सांगितलेलं आहे त्याला. म्हणून तर हे झालं."

त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. वरिष्ठांकडे गेला, परत आला. वरिष्ठ म्हणाले होते, अर्ज करा, मार्गदर्शन मागवू. मी तो अर्जही केला, निबारणदा. माझ्या सुवाच्य अक्षरात. उत्तर अजून यायचंय.

घरी येऊन तुला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी त्या कारभाराची तुला शिसारी येईल. तू भिंतीला टेकून शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "लिवून नाई देत ना? म्हणजे नियम आहे."

त्या दिवशी मी तुला काय काय बोललो ते तू ऐकलंसच. तू कचेरीपेक्षा कचेरी झालास, म्हणालो. त्यांनी एक वाक्य टाकलं आणि तू त्याचा तुरुंग बांधलास, पहाराही स्वतःच देतोस, म्हणालो. तू मध्येच थांबवलंस. "मास्टर, समजा मी गेलो. बरा झालो. आलो. अन् मधात ते येऊन गेले. मंग बरा होऊन मी राहू कुठी?"

हा आपला वाद असाच अर्धा राहिला. मी रात्रभर उत्तर जुळवलं. उत्तर चांगलं होतं, दाखल्यांसकट होतं. सकाळी सोमाजी दारात आला, आणि ते उत्तर ऐकणारं कोणी उरलं नाही.

मला कोणावर ओरडावं ते कळत नाही, हीच खरी अडचण आहे. पहिला कारकून भला होता, शेवटचा नम्र होता. मधले सगळे बदलून गेले. कोणी तुला हाकललं नाही, कोणी तुझ्याकडे चहापलीकडे काही मागितलं नाही. तुला कोणी नाही म्हटलं असतं तर आपण भांडलो असतो. मी भांडायला तयार होतो, मला त्यात आनंदही मिळाला असता. पण कोणी नाही म्हणालंच नाही. येईल म्हणाले. तू एक मोठा माणूस होतास, आणि तुझ्या आयुष्यातली चांगली वर्षं 'येईल' या शब्दाच्या दारात बसून गेली. त्यातले रविवार मला मिळाले. ते मी परत करणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आज सकाळी बौदी घाटावर आली. अर्जावर तिचंही नाव तुझ्याखालीच आहे, चौकशी तिचीही व्हायची आहे. डोळ्यांत दोन वर्षांपासून पडदा वाढतोय. तुझ्यापायी तीही कुठे गेली नव्हती. सोबत गोपाल, हातात पिशवी. सोमाजीचा डोंगा लागला होता.

"चंद्रपूरले चाललो, मास्टर. डोळा दाखवाले. ऑपरेशन म्हणलं तं राहू तिथीच. घराकडे ध्यान ठेवजा."

इतकी वर्षं मी याच वाक्यासाठी तुझ्याशी भांडलो होतो. तुमच्या घरातल्या कोणीतरी सरळ उठून नदी ओलांडावी, एवढंच मला हवं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? निघून गेल्यावरच मला ते ऐकू आलं.

"बौदी, मागे चौकशी आली तर?"

ती डोंग्यात बसली होती. पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली.

"आली तं बसाले सांगजा त्याले," ती म्हणाली. "पाणी देजा. अन् म्हणाव, वाट पाह्य."